खाडीपलीकडे

१९६४ मध्ये मुंबई महापालिकेने शहराचा विकास आराखडा जाहीर केला आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. अशा वेळी बहुतेक हरकती आपापल्या दाराशी निगडित असतात. माझ्या प्लॉटवर आरक्षण का टाकलं, माझ्या गल्लीतून रस्ता का काढला. तिघांनी मांडलेला मुद्दा मात्र निराळा होता. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार, शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंते. तिघंही तरुण, कुठल्याही सरकारी खुर्चीवर नसलेले. त्यांचं म्हणणं असं, की आराखड्यातल्या रेघा कितीही काळजीने ओढल्या असल्या तरी दुखणं त्या रेघांच्या बाहेर आहे. मुल्कराज आनंद संपादित करत असलेल्या ‘मार्ग’ या नियतकालिकाच्या १९६५ च्या एका अंकात त्यांनी आपली कल्पना सविस्तर मांडली. बंदराच्या पलीकडे, मुख्य भूमीवर, मुंबईच्याच तोलाचं दुसरं शहर उभं करा.

ही कल्पना समजून घ्यायची तर मुंबईचा नकाशा समोर हवा. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंदर आणि ठाण्याची खाडी, मधे उत्तर-दक्षिण पसरलेली चिंचोळी पट्टी. गोदी, कोट, सचिवालय, बँका, मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या सगळ्या दक्षिणेच्या टोकाला. नवी वस्ती वाढायला जागा फक्त उत्तरेला. म्हणजे शहरात येणारा प्रत्येक नवा माणूस कामापासून आणखी थोडा लांब राहायला जाणार. सकाळी सगळ्या गाड्या दक्षिणेकडे भरून, संध्याकाळी सगळ्या उत्तरेकडे भरून, आणि उलट दिशेने जाणारी तीच गाडी जवळपास रिकामी. १९५१ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती, १९७१ मध्ये ती ६० लाखांच्या घरात गेली. वीस वर्षांत दुप्पट. माणसं दुप्पट झाली, पण टोकाची जागा तेवढीच राहिली. अशा शहरात रूळ वाढवले, रस्ते रुंद केले, तरी चार वर्षांत पुन्हा तीच गर्दी, कारण सगळा ओघ एकाच तोंडाने वाहतो आहे. या तिघांना तो ओघच वळवायचा होता. उत्तर-दक्षिण ताणलेलं शहर पूर्व-पश्चिम वळवायचं, म्हणजे बंदर शहराच्या काठावर न राहता मधोमध येईल आणि त्याच्या भोवती मुंबई कड्यासारखी बसेल.

पलीकडे जाण्याचा विचार अगदीच नवा नव्हता. स्वातंत्र्याच्या सुमारास ना. वि. मोडक आणि अल्बर्ट मेयर यांनी केलेल्या आराखड्यात मुंबईभोवती उपनगरं आणि उपग्रह शहरं सुचवलेली होती. १९५९ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडची जमीन विकसित करावी अशी शिफारस केली. पानशेतच्या पुरानंतर पुणं पुन्हा उभं करणारे हेच ते बर्वे. मग १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळांची समिती आली. गाडगीळ अर्थशास्त्रज्ञ, प्रवरेच्या सहकारी कारखान्याच्या उभारणीत खपलेले, त्यामुळे त्यांची नजर एकट्या मुंबईवर नव्हती. मुंबईतली कारखानदारी रोखा, उद्योग राज्यभर पसरू द्या, मुंबईच्या परिसरात छोट्या छोट्या वसाहती करा आणि हे सगळं करायला आधी प्रादेशिक नियोजनाचा कायदा आणा, असं त्यांनी सांगितलं. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम हे त्या विचाराचंच फळ. आज राज्यातल्या कोणत्याही गावचा विकास आराखडा याच कायद्याखाली होतो.

पुढे नेमलेल्या प्रादेशिक नियोजन मंडळाने मात्र छोट्या वसाहतींऐवजी एका मोठ्या जोडशहराच्या बाजूने कौल दिला. मला हा बदल बरोबर वाटतो. लाख-दोन लाखांची वसाहत मुंबईला माणसं पुरवते, मुंबईकडून माणसं ओढून घेऊ शकत नाही. ओढायला तेवढ्याच जोराचं काही तरी समोर लागतं.

१७ मार्च १९७० ला सिडकोची, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. सुरुवातीला ती सिकॉम या सरकारी महामंडळाची उपकंपनी होती आणि भांडवल होतं ३ कोटी ९५ लाख रुपये. मुंबईच्या तोलाचं शहर बांधायला निघालेल्या संस्थेची ही शिदोरी. पहिले व्यवस्थापकीय संचालक जे. बी. डिसूझा, मुख्य वास्तुरचनाकार कोरिया, नियोजन आणि बांधकामाची जबाबदारी पटेलांकडे. हरकत घेणाऱ्यांनाच सरकारने काम सोपवलं, ही आपल्याकडे सहसा न घडणारी गोष्ट तेव्हा घडली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली मिळून ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र. ते मुंबई बेटाच्या पाचपट भरतं. त्यात खासगी मालकीची जमीन सुमारे १६ हजार हेक्टर. ती सगळी सरकारने संपादन करायची, सिडकोच्या हाती द्यायची, सिडकोने रस्ते, पाणी, गटारं, शाळा करून तिची किंमत वाढवायची, वाढलेल्या किमतीला भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढची गटारं आणि शाळा बांधायच्या. शहर स्वतःच्या खर्चाने स्वतःला वाढवणार होतं. नेहमी असं होतं, की सरकार रस्ता काढतं आणि रस्त्यालगतच्या जमिनीचा वाढलेला भाव भलत्याच्याच खिशात जातो. इथे तो भाव शहराच्याच तिजोरीत यावा अशी योजना होती. हिशेब म्हणून ती चोख होती. पण या हिशेबात जमिनीची पहिली किंमत कुणी मोजली, तिकडे आपण येऊच.

१९७३ मध्ये आराखड्याचा मसुदा तयार झाला, १९७९ मध्ये त्याला सरकारची मंजुरी मिळाली. वीस लाख लोक आणि साडेसात लाख रोजगार असं उद्दिष्ट. शहर एका केंद्राभोवती गोळा न करता मण्यांच्या माळेसारखं ओवायचं होतं. प्रत्येक मणी म्हणजे एक नोड, लाख-दोन लाखांचा, त्याच्या मधे बाजार, शाळा, दवाखाना, आणि घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर स्टेशन. माळेचा दोरा म्हणजे रेल्वे. ‘नोड’ हा शब्द नियोजनाच्या कागदावरून उतरून लोकांच्या तोंडी बसला. ‘कुठल्या नोडमध्ये घर घेतलंत?’ असं नवी मुंबईत सहज विचारतात.

या सगळ्या रचनेला चालना द्यायला एक गोष्ट लागणार होती. सरकारने स्वतः पलीकडे जायचं. सचिवालय हललं की त्याच्यामागे वकील, ठेकेदार, बँका, वर्तमानपत्रं, कंपन्यांच्या कचेऱ्या, खानावळी सगळं हलतं. राज्याची राजधानी खाडीच्या पूर्वेला नेणं हा मूळ प्रस्तावाचा गाभा होता. बेलापूरच्या सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्टची कल्पना त्यातूनच आली. आज त्या लांबलचक नावाचं ‘सीबीडी’ एवढंच उरलं आहे.

सरकार गेलं नाही. ज्या वर्षांत पलीकडचं शहर कागदावर आकार घेत होतं, त्याच वर्षांत अलीकडे समुद्रात भर घालून नरिमन पॉइंट उभं राहत होतं. दक्षिण टोकाची गर्दी कमी करायची असं एका फायलीवर लिहिलं जात होतं आणि त्याच टोकाला आणखी हजारो टेबल-खुर्च्या मावतील अशा इमारतींना दुसऱ्या फायलीवर परवानगी मिळत होती. १९८१ मध्ये नवं विधान भवन झालं, तेही नरिमन पॉइंटलाच. २०१२ च्या जूनमध्ये मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, अनेक विभागांना बिऱ्हाडं हलवावी लागली. तरी दुरुस्ती होऊन मंत्रालय पुन्हा त्याच जागी भरलं. कोकण विभागीय आयुक्तालयाचं कोकण भवन बेलापूरला आलं, रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आलं, सिडकोचं मुख्य काम तिथे चालतं. पण सिडकोच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता अजूनही नरिमन पॉइंटचा आहे. नवी मुंबई घडवण्यात ज्यांनी उमेदीची वर्षं घातली, त्यांच्या मनात हे किती खुपलं असेल याची कल्पना करवत नाही. कोरिया १९७४ मध्ये सिडकोतून बाहेर पडले.

दरम्यान सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं आणि १९७७ पासून वांद्रे-कुर्ला संकुलाचं नियोजन त्याच्याकडे गेलं. बीकेसी हे आज देशातल्या सर्वांत महागड्या व्यापारी भागांपैकी एक आहे. ते दक्षिणेच्या टोकाला नाही एवढं खरं, पण आहे मुंबईतच. बेलापूरकडे जाऊ शकणाऱ्या कचेऱ्यांना मधेच थांबायला सोयीची जागा मिळाली.

मग नवी मुंबई वसली कशी? कांद्या-बटाट्याने आणि रेल्वेने.

मशीद बंदर, भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मुंबईचे घाऊक बाजार भरत. नाशिकचा कांदा, साताऱ्याचं आलं, गुजरातचं धान्य, सगळे ट्रक अरुंद गल्ल्यांत शिरत आणि पहाटेपासून रस्ते तुंबत. हे बाजार तुर्भ्याला, वाशीच्या शेजारी हलवायचं ठरलं. व्यापाऱ्यांनी बराच काळ ताणून धरलं. पिढीजात पेढी सोडून दलदलीशेजारच्या ओसाड गाळ्यात कोण जाणार? पण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कांदा-बटाटा बाजार आला, नव्वदच्या दशकात मसाला, धान्य, भाजीपाला आणि फळं आली. कळंबोलीला पोलाद बाजार गेला. बाजार आला म्हणजे नुसता माल आला नाही. माथाडी आले, मापाडी आले, अडत्यांचे मुनीम आले, ट्रकचालक आणि त्यांच्यासाठी चहाच्या टपऱ्या आल्या. माथाडी कामगार बहुतांश सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतल्या डोंगरी भागातले. त्यांच्यासाठी कोपरखैरणे, घणसोली भागात घरं झाली आणि पाटण-जावळीकडची माणसं खाडीकाठी स्थायिक झाली. आजही गणपतीला तिथल्या चाळीवजा इमारती ओस पडतात आणि पुण्याच्या दिशेने निघालेल्या गाड्यांना उभं राहायला जागा नसते.

पहाटे तीन-साडेतीनला भाजीपाला बाजारात उभं राहिलं की या शहराचं खरं इंजिन दिसतं. ट्रकची फळी खाली पडते, डोक्यावर टॉवेलची चुंबळ ठेवून माथाडी पाठ वाकवतो, गोणी खांद्यावर येते आणि तो पळत सुटतो. चालत नाही, पळतो, कारण मागे पुढचा ट्रक उभा आहे. कोथिंबिरीच्या ओल्या जुड्यांचा वास, वाराईवरून हुज्जत, गाळ्यात लावलेली उदबत्ती. उजाडेपर्यंत अर्धा माल टेम्पोत चढून मानखुर्दच्या दिशेने निघालेला असतो. ज्या मुंबईचा भार कमी करायचा होता, तिच्या ताटातली भाजी आता खाडीपूल ओलांडून जाते.

मानखुर्द-वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये झाला होता. पण नोकरदार माणूस पुलाच्या भरवशावर घर घेत नाही, तो लोकलच्या भरवशावर घेतो. ‘गाडी येते का तिकडे?’ हा पहिला प्रश्न. गाडी यायला १९९२ चा मे महिना उजाडला. मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली, पुढच्या वर्षी ती नेरूळ आणि बेलापूरपर्यंत गेली, १९९८ मध्ये पनवेलपर्यंत. ठाण्याहून थेट गाडी २००४ मध्ये आली. या मार्गांच्या खर्चाचा दोन तृतीयांश भाग सिडकोने उचलला, एक तृतीयांश रेल्वेने, आणि प्रवाशांनी वर्षानुवर्षं तिकिटावर अधिभार भरला. वाशी आणि बेलापूरची स्टेशनं पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती स्टेशनं वाटतच नाहीत, कारण त्यांच्या डोक्यावर कचेऱ्यांच्या इमारती आहेत. स्टेशनवरची हवाही विकून रेल्वेचा खर्च काढायचा, असा तो विचार होता. ज्या माळेचा दोराच वीस वर्षं उशिरा आला, तिचे मणी तोवर विखुरलेले राहिले यात नवल नाही.

१ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महापालिकेचा कारभार सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत ११ लाखांहून अधिक लोक होते. मोरबे धरण महापालिकेने स्वतः विकत घेतलं, आणि स्वतःचं धरण असणारी महापालिका म्हणून नवी मुंबईकर त्याचा अभिमान बाळगतात. उन्हाळ्यात शेजारची शहरं टँकरची वाट पाहत असताना नळाला पाणी असणं काय असतं, हे ज्याने दोन्ही पाहिलं आहे त्यालाच कळतं.

पाण्याची दुसरी एक गोष्ट मला या शहरातली सगळ्यांत सुंदर वाटते. नवी मुंबईचा बराचसा भाग खाजणात आहे. मोठ्या भरतीला समुद्राची पातळी इथल्या जमिनीच्या वर जाते. सगळी जमीन भर घालून उंच करायची तर डोंगरच्या डोंगर फोडावे लागले असते. सिडकोने नेदरलँड्सच्या धर्तीवर वेगळा मार्ग धरला. खाडीकाठी बांध घातले, नोडच्या सखल टोकाला मोठे धारण तलाव खोदले आणि तलाव जिथे खाडीला मिळतो तिथे एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा बसवल्या. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने झडप मिटते. तेव्हा वरून पाऊस कोसळत असेल तर शहराचं पाणी तलावात साठून राहतं. ओहोटी लागली, खाडी खाली गेली, की आतल्या पाण्याचा दाब झडप ढकलतो आणि तलाव आपोआप रिकामा होतो. वीज लागत नाही, माणूस लागत नाही.

हे तंत्र परदेशातून आलं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण करावे, दिवाळे, सारसोळे, घणसोली या गावांतल्या जुन्या माणसाला विचारा. तो म्हणेल, ही तर आमची उघाडी. खारभूमीत भात पिकवायला आगरी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. मातीचा बांध, बांधात उघाडी, उघाडीला फळ्यांचं दार. भरतीला दार बंद, ओहोटीला उघडं. बांधाला खांड पडली तर रात्री-अपरात्री गाव धावून जाई, कारण एकदा खारं पाणी शिरलं की शेत दोन-तीन वर्षं नापीक. नव्या शहराने ज्यांची जमीन घेतली, त्यांच्याकडे त्या जमिनीवर पाण्याशी कसं वागायचं याचं शहाणपण आधीपासून होतं. ते कुणी त्यांना विचारायला गेलं नाही. आता कित्येक धारण तलावांत गाळ साचला आहे, गाळावर कांदळवन उगवलं आहे, आणि कांदळवनाला हात लावायला न्यायालयाची परवानगी लागते. अतिवृष्टी आणि मोठी भरती एका वेळी आली, की सखल सेक्टरांतल्या लोकांची झोप उडते.

आता जमिनीच्या त्या पहिल्या किमतीकडे. ती जमीन भातखाचरांची, मिठागरांची आणि मासेमारीच्या काठाची होती. मालक आगरी आणि कोळी. १९७० मध्ये संपादनाची अधिसूचना निघाली आणि हजारो कुटुंबांच्या सातबाऱ्यावर सरकारचं नाव लागायची सुरुवात झाली. मोबदला त्या काळच्या शेतीच्या भावाने. तीच जमीन पुढे भूखंड होऊन लिलावात कितीला जाते हे गावातली माणसं बांधावर उभी राहून पाहत होती. त्यांच्या बाजूने उभे राहिले दि. बा. पाटील, जासईचे, शेतकरी कामगार पक्षाचे, वकील, पनवेलचे पाच वेळचे आमदार आणि पुढे खासदार. विकास नको असं त्यांनी कधी म्हटलं नाही. जमिनीच्या वाढत्या किमतीत मूळ मालकाचा वाटा हवा, एवढंच त्यांचं म्हणणं. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण तालुक्यात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण गेले.

त्या रक्तातून साडेबारा टक्के योजना आली. शेतकऱ्याची जेवढी जमीन घेतली तिच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन त्याला परत. सामाजिक सुविधांसाठी त्यातला वाटा कापला, की हातात पडते पावणेनऊ टक्के. एकरामागे साधारण साडेतीन गुंठे. ऐकायला थोडं वाटतं, पण शहरात दीड चटईक्षेत्र निर्देशांकाचा साडेतीन गुंठ्यांचा भूखंड ही मोठी दौलत असते, आणि देशात जमीन गेलेल्यांना यापूर्वी इतकं सहसा मिळालं नव्हतं. त्रास उशिराचा. निर्णय १९९० चा, जमीन गेली सत्तरच्या दशकात. मधल्या काळात घरात मुलं वाढली, सुना आल्या, गावठाणाची हद्द मात्र जुनीच. मग लोकांनी हद्दीबाहेर, पूर्वी स्वतःच्याच असलेल्या जमिनीवर घरं बांधली. सरकारी कागदावर ती अनधिकृत. गावकरी त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. ती नियमित करण्याचे निर्णय, सर्वेक्षणं, मोर्चे अजून चालू आहेत.

मुंबईचा भार हलका झाला का? बेटावरच्या शहरातली, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव पट्ट्यातली लोकसंख्या १९८१ मध्ये सुमारे ३३ लाख होती, २०११ मध्ये ३१ लाखांच्या आत आली. पण त्याचं श्रेय नवी मुंबईला देता येणार नाही. गिरण्या बंद पडल्या, लालबाग-परळची माणसं उपनगरांत गेली. बृहन्मुंबई याच काळात ८२ लाखांवरून सव्वा कोटीच्या जवळ पोहोचली. पलीकडे जे शहर झालं ते चांगलं झालं, रुंद रस्त्यांचं, झाडांचं, पाणी असलेलं. लाखो मध्यमवर्गीय कुटुंबांना मुंबईत मिळालं नसतं असं घर तिथे मिळालं. त्यातली बरीच माणसं मात्र अजून सकाळी लोकलने खाडी ओलांडून अलीकडे कामाला येतात. पूर्व-पश्चिम शहराचं स्वप्न त्या एका गोष्टीपाशी अडलं. घरं पलीकडे गेली, खुर्ची गेली नाही.

आता पुन्हा एकदा वारं पूर्वेकडे वाहतं आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी आणि न्हावा शेवाच्या दरम्यान २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी उलव्याचा डोंगर कापला, नदी वळवली, आणि दहा वस्त्या उठल्या. या वेळी परतावा साडेबावीस टक्के ठरला. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून भूमिपुत्रांनी मानवी साखळ्या केल्या, मोर्चे काढले, आणि विधिमंडळाला तसा ठराव करावा लागला.

अटल सेतू मुख्य भूमीवर उतरतो तो चिर्ले-जासईच्या बाजूला. मुंबईहून निघालेली गाडी वीस-पंचवीस मिनिटांत तिथे पोहोचते. जवळच जासईचं हुतात्मा स्मारक आहे, आणि १६ जानेवारीला आसपासच्या गावांतली माणसं अजूनही तिथे फुलं घेऊन येतात.